जुन्या जीपचा स्टेअरिंग बॉक्स: प्ले शोधण्यापासून बॉक्स परत चढवेपर्यंत

सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरावी लागते. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसते. शेजारून एसटी वेगात गेली की गाडी एका अंगाला ओढली जाते. जुनी जीप नव्याने घेतलेल्या माणसाला ही लक्षणं पहिल्या आठवड्यातच कळतात, आणि गॅरेजमध्ये उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "बॉक्स गेलाय, बदलून टाका." स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा हा गिअरचा बॉक्स कधीकधी खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा दोष बाहेरच्या सांध्यांत असतो आणि नवा बॉक्स चढवूनही प्ले, म्हणजे स्टेअरिंगची मोकळी हालचाल, तसाच राहतो. म्हणून आधी प्ले शोधायचा आणि मगच बॉक्सच्या बोल्टला पान्हा लावायचा. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे, कारण स्टेअरिंगचं काम चुकलं तर त्याची किंमत गाडीतले आणि गाडीबाहेरचे, दोघंही मोजतात.

इथे मी सीजे-3बी जीप समोर धरून लिहितो आहे. अमेरिकेत विलीजने ही गाडी 1953 साली आणली. महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला त्याआधीच सुरुवात केली होती. पुढे हीच उंच बॉनेटची जीप आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिली. सरकारी खात्यांत, साखर कारखान्यांवर, वनखात्यात, वडापला, सगळीकडे ती धावली. मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेल्या जीपा अनेकांना आठवत असतील. आजही सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत त्या चालू स्थितीत दिसतात आणि हौसेने सांभाळणारेही पुष्कळ आहेत. तुमच्याकडे पुढच्या काळातलं दुसरं मॉडेल असेल तर बॉक्स वेगळ्या जातीचा असू शकतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, आणि प्ले शोधायची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

आत काय असतं

या जीपमध्ये रॉस पद्धतीचा 'कॅम आणि दुहेरी लिव्हर' बॉक्स येतो. स्टेअरिंगची लांब नळी खाली बॉक्समध्ये शिरते आणि तिच्या टोकाला एक जाड दंडगोल असतो. हा कॅम. त्याच्या अंगावर मळसूत्रासारखी एक रुंद खाच कोरलेली असते. कॅमच्या वर आणि खाली सुट्या गोळ्यांचं एकेक बेअरिंग असतं. कॅमला आडवा जाणारा दुसरा शाफ्ट म्हणजे लिव्हर शाफ्ट (गॅरेजमध्ये याला सेक्टर शाफ्ट किंवा रॉकर शाफ्टही म्हणतात). त्याच्या आतल्या तोंडावर दोन निमुळत्या पिना असतात आणि त्या कॅमच्या खाचेत बसतात. स्टेअरिंग फिरलं की खाच पिनांना वरखाली ढकलते आणि शाफ्ट फिरतो. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म (शाफ्टबरोबर हलणारा दांडा), त्याला ड्रॅग लिंक (ती हालचाल पुढे नेणारी दांडी), तिथून बेल क्रँक (पिनेवर फिरणारा आर्म), आणि बेल क्रँकमधून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा, पुढचं सगळं ॲडजस्टमेंट तिच्यावर उभं आहे. कॅमची खाच सगळीकडे सारखी नसते. गाडी सरळ चालताना पिना जिथे असतात, तिथे ती मुद्दाम थोडी अरुंद ठेवलेली असते. आयुष्यातला बहुतेक वेळ गाडी सरळच चालते, त्यामुळे झीजही मध्यावरच होते. मध्यावर जागा आधीच आवळ असल्याने तिथला प्ले काढून घेता येतो आणि कडेला स्टेअरिंग अडकत नाही. ही फार विचार करून केलेली रचना आहे. पण खाच मध्यावर इतकी झिजली की तिथली रुंदी कडेइतकीच झाली, तर तो कॅम संपला. मग तुम्ही मध्यावर घट्ट करायला गेलात की कडेला स्टेअरिंग जाम होणार.

प्ले कुठे आहे ते शोधा

दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच, सरळ. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टेअरिंग हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, जोर लावायचा नाही, फक्त मोकळी हालचाल जेवढी आहे तेवढीच. दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, असं की बोट सांध्याच्या दोन्ही भागांना टेकेल. एक भाग हलला आणि दुसरा थांबला की बोटाला लगेच कळतं. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

ड्रॉप आर्मपासून सुरुवात करा. स्टेअरिंग हलतं पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये. ड्रॉप आर्म लगेच हलतो आणि चाक उशिरा, तर प्ले पुढे. शाफ्ट फिरतो आणि त्यावरचा ड्रॉप आर्म मागे राहतो, असं दिसलं तर आर्मचा नट सैल आहे किंवा दाते गेले आहेत. अशी गाडी जागची हलवू नका.

मग बॉक्सचं हाऊसिंग आणि चासी यांच्यावर एकत्र बोट ठेवा. अख्खा बॉक्सच चासीवर हलत असेल तर बोल्ट सैल असतील, किंवा चासीला तडा गेला असेल. जुन्या जीपांत बॉक्सच्या आसपास चासीला तडे जाणं नेहमीचं आहे. ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली ते लपतात, म्हणून आधी जागा खरवडून डिझेलने धुवा आणि मग बॅटरीच्या उजेडात बघा.

पुढे ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं. जुन्या ड्रॅग लिंकमध्ये बॉल, त्याच्या दोन बाजूंना वाट्या, स्प्रिंग आणि टोकाला आट्यांचा प्लग असतो. प्लग पूर्ण घट्ट करून अर्धा ते एक फेरा मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी सुधारते. त्यानंतर बेल क्रँक. माझ्या मते या जीपमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. त्याची पिन आणि बेअरिंग झिजलं की आर्म वरखाली डुगडुगतो आणि दोष मात्र बॉक्सवर जातो. आर्म हाताने धरून वरखाली हलवून पाहा. मग चारही टाय रॉड एंड.

शेवटी पुढची बाजू जॅकवर घेऊन ॲक्सलखाली घोड्या लावा. चाक वरून-खालून धरून हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं त्या पिनेचा.

आता प्ले मोजा. स्टेअरिंग व्हीलच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा, शेजारी पट्टी धरा, आणि चाक हलायच्या आत कडेवर किती अंतर मोकळं जातं ते वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 सांगतो की स्टेअरिंगचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात. 17 इंची स्टेअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेवर सुमारे 11 सेंटीमीटर. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. एवढा प्ले असलेली गाडी मी तरी घाटात घालणार नाही. दोन-तीन सेंटीमीटरच्या आत आलं की जीपच्या मानाने चांगलं समजा.

बॉक्स न काढता करायचं ॲडजस्टमेंट

बाहेरचे सांधे ठीक करूनही ड्रॉप आर्म उशिराच हलत असेल, तर बॉक्सकडे वळा. उघडण्याआधी एकदा ॲडजस्ट करून बघायचं. यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

आधी ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. चाकांचं ओझं असताना हाताला बॉक्सची खरी जाणीव होत नाही.

पहिलं काम कॅमच्या बेअरिंगचं. स्टेअरिंग व्हील दोन्ही हातांनी धरून वर ओढा आणि खाली दाबा. नळी वरखाली होत असेल तर कॅमची बेअरिंगं सैल आहेत. बाजूच्या झाकणावरचा ॲडजस्टिंग स्क्रू त्याचा लॉकनट सोडून बराच मागे घ्या, म्हणजे पिना खाचेत मोकळ्या होतील. मग वरच्या झाकणाचे बोल्ट सैल करा. झाकणाखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, 0.002, 0.003 आणि 0.010 इंचाच्या. नळी मधून जात असल्याने शिम अख्खी निघत नाही, ती कात्रीने कापून काढावी लागते. एका वेळी एकच, तीही सगळ्यात पातळ. बोल्ट आवळा आणि पाहा. वरखाली हालचाल शून्य हवी, पण अंगठा आणि तर्जनीच्या हलक्या चिमटीत स्टेअरिंग फिरायला हवं. जड लागलं तर शिम जास्त निघाली. कापलेली शिम परत घालता येत नाही, म्हणून इथे घाई करू नका.

दुसरं काम पिनांचं. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून फेरे मोजा. टोकाला आपटू नका. बरोबर अर्ध्यावर या. हा बॉक्सचा मध्य. स्टेअरिंग व्हीलच्या दांड्या कशा उभ्या आहेत यावरून मध्य ठरवू नका, कारण आधी कुणीतरी व्हील वेगळ्या दातावर बसवलेलं असू शकतं. मध्यावर असताना ॲडजस्टिंग स्क्रू थोडा थोडा आत घ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवताना मध्यातून जाताना अगदी किंचित ओढ जाणवली की थांबा. स्क्रू पेचकसाने धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा फिरवून बघा. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा सरकतो.

हे ॲडजस्टमेंट नेहमी मध्यावर. स्टेअरिंग वळलेलं असताना तिथला प्ले काढलात, तर सरळ आल्यावर पिना अरुंद खाचेत आवळून बसतील. स्टेअरिंग सरळ स्थितीत अडकेल, वळणानंतर आपोआप परतणार नाही, आणि कॅम आहे त्याहून लवकर खराब होईल. कडेला थोडा प्ले राहतो. तो मुळातच ठेवलेला आहे, त्याला हात लावू नका.

मध्यावर ओढ येईपर्यंत आवळल्यावर कडेला जाम होतं, किंवा कितीही आवळलं तरी मध्यावर खडखड राहते, किंवा ड्रॉप आर्म धरून हलवला की शाफ्टच वरखाली होतो: या तिन्हींपैकी काही आढळलं तर बॉक्स खाली घ्यायचा.

बॉक्स खाली घेणं

बॅटरीची एक तार आधी काढा, कारण हॉर्नची वायर नळीतूनच जाते. हॉर्नचं बटण, वायर, मग व्हीलचा नट. व्हील काढायला पुलरच वापरा. हातोड्याचे घाव नळीतून थेट कॅमच्या खालच्या गोळ्यांवर जातात आणि बेअरिंगच्या वाटीत खळगे पडतात. बॉक्स वाचवण्याची शक्यता तिथेच कमी होते. नळीवर आणि व्हीलवर पंचने एकाच रेषेत खूण करायला विसरू नका.

ड्रॉप आर्म आणि शाफ्टवरही अशीच खूण करा, नट सोडा आणि जाड पुलरने आर्म ओढा. तो वर्षानुवर्षं हललेला नसतो, त्यामुळे चिवटपणा करतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, पुलर ताणून ठेवा आणि आर्मच्या डोळ्याच्या (शाफ्ट बसतो त्या भोकाच्या) बाजूवर हातोड्याने टक्कन ठोका. गॅसची ज्योत लावू नका. उष्णतेने आर्मची कडकी जाते, आणि स्टेअरिंगमध्ये मऊ पडलेला लोखंडी भाग नको.

यानंतर जीपचं खास काम: त्या बाजूचं मडगार्ड सोडवावं लागतं. काउलकडचे आणि चासीकडचे बोल्ट काढा, हेडलाइटच्या वायरी सोडा, मडगार्ड उचलून खाली लाकडी ठोकळा द्या. डॅशबोर्डखालचा नळीचा ब्रॅकेट आणि फूटबोर्डवरची पट्टी काढा. शेवटी बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. नळीसकट बॉक्स फ्लोअरमधून खाली सरकवत चासीच्या बाहेरून काढायचा असतो. इथे दुसरा माणूस हवाच, नळी वाकली तर सगळे कष्ट वाया.

उघडल्यावर काय पाहायचं

बाहेरून आधी धुऊन घ्या, नाहीतर उघडताच सगळा चिखल आत. जुनं तेल भांड्यात काढा आणि त्याचा रंग बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. कोकणातल्या किंवा ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. तेलात चमकणारे बारीक कण असतील तर खाच किंवा गोळ्या सोलल्या जात आहेत.

बाजूचं झाकण काढून लिव्हर शाफ्ट बाहेर घ्या. मग वरचं झाकण आणि शिमा, त्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. खाली स्वच्छ परात ठेवून मगच नळी ओढा, कारण गोळ्या सुट्या असतात. वरच्या आणि खालच्या वेगळ्या डब्यांत, मोजून.

कॅम रॉकेलने धुवा आणि खाचेच्या भिंतींवरून नख फिरवा, विशेषतः मध्यावर. नख अडकलं, पायरी लागली, किंवा पृष्ठभागाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर कॅम बाद. नुसती गुळगुळीत चकाकी असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पिनांवर एका बाजूला सपाट पट्टा पडला असेल तर लिव्हर शाफ्ट बदलायचा. बेअरिंगच्या वाट्यांत खड्डे असतील तर वाट्या आणि गोळ्या दोन्ही नवीन. जुन्या वाटीत नव्या गोळ्या घालणं म्हणजे पैसे फुकट. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचे दाते पिळलेले दिसले तर शाफ्ट ठेवू नका, मग बाकी तो कितीही चांगला असो.

आता बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या. शाफ्ट हाऊसिंगमध्ये घालून हलवून बघा. मायक्रोमीटर असेल तर शाफ्टचा बुशमध्ये फिरणारा भाग आणि न झिजलेला भाग, दोन्ही मोजा. शाफ्ट चांगला आणि बुश झिजलेले, ही सगळ्यात सुखाची परिस्थिती आहे. बुश बाजारात मिळतात, नाही मिळाले तर चांगला कातारी फॉस्फर ब्राँझचे करून देतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा कामांची परंपराच आहे, आणि प्रत्येक मोठ्या गावाच्या एमआयडीसीत एखादा तरी जुना जाणता लेथवाला सापडतो. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: बुश दाबून बसवल्यावरच रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारायचा, आणि दोन्ही बुश एकाच रेषेत, एकाच लांब रीमरने. गॅप एक ते दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक ते दोन हजारांश. शाफ्ट बरोबर घेऊन जा, नुसत्या मापावर काम देऊ नका.

एका मुद्द्यावर मी तडजोड मानत नाही. झिजलेल्या खाचेला किंवा पिनेला वेल्डिंगने भर देऊन घासून देणारे कारागीर भेटतील आणि काम दिसायलाही सुबक असेल. कॅम आणि पिना वरून कडक केलेल्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ती कडकी जाते आणि वेल्डच्या कडेला बारीक तडा सुरू होतो, जो बाहेरून दिसत नाही. कॅम, पिना, लिव्हर शाफ्ट, ड्रॉप आर्म, नकलचे (चाकाबरोबर वळणाऱ्या सांध्याचे) आर्म: यांपैकी कशालाही वेल्डिंग नाही. चासीचा तडा मात्र नीट तयारी करून, पट्टी मारून वेल्ड करता येतो.

दुरुस्त करायचा की बदलायचा

कॅम आणि शाफ्ट चांगले असतील तर दुरुस्तीच करा. बुश, गोळ्या, सील, गॅस्केट एवढ्यावर काम होतं, आणि कंपनीच्या मूळ भागांचा दर्जा आज मिळणाऱ्या काही नकली भागांपेक्षा बरा असतो. कॅम आणि शाफ्ट दोन्ही गेले असतील तर आतला पूर्ण संच किंवा पूर्ण बॉक्स घ्या. नवा शाफ्ट जुन्या झिजलेल्या कॅमवर चढवला तर थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच येऊन पोहोचाल.

मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा ठिकाणी जुन्या जीपचे भाग अजून निघतात. जाताना जुना बॉक्स बरोबर न्या. दुकानातल्या बाकावर दोन्ही शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या नळ्या उजवीकडे फिरवा. दोन्ही शाफ्ट एकाच दिशेला फिरले पाहिजेत. लेफ्ट हँड आणि राइट हँड गाड्यांचे बॉक्स दिसायला सारखे असू शकतात, आणि चुकीचा बॉक्स चढला तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाईल. मग टोकापासून टोकापर्यंतचे फेरे, नळीची लांबी, बोल्टच्या भोकांची जागा आणि शाफ्टचे दाते जुळवा. तुमचा ड्रॉप आर्म त्यावर चढवून बघा. वापरलेला बॉक्स घेताना तो सावकाश पूर्ण फिरवा. खरखर लागली किंवा एखाद्या जागी टचकन अडकला तर परत ठेवा. मध्यावर किंचित ओढ आणि कडेला मोकळेपणा, असा हाताला लागणारा बॉक्स मिळाला तर सौदा करा.

परत जुळवणं

हाऊसिंग, वाट्या, शिमा सगळं कोरडं, स्वच्छ. गोळ्या जागेवर धरून ठेवायला वाटीत ग्रीसचा पातळ हात द्या आणि मोजून लावा, जितक्या निघाल्या तितक्याच. नळी आत घाला, शिमा आणि वरचं झाकण लावा, आणि बॉक्स बाकावर असतानाच आधी सांगितलेलं कॅमचं ॲडजस्टमेंट पूर्ण करा. आता शिम वाढवायलाही जागा आहे, म्हणून हे काम इथेच मनासारखं होतं.

ऑइल सील नवीनच. शाफ्टच्या दात्यांना पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर दाते सीलचं ओठ कापतात. शाफ्ट घालण्याआधी ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण मागे घेतलेला हवा. नवं गॅस्केट लावून बाजूचं झाकण बसवा, मध्य शोधा आणि पिनांचं ॲडजस्टमेंट करा.

तेलाचं बोलू. यात गिअर ऑइल घालायचं, 90 किंवा 140 नंबरचं, भरायच्या भोकापर्यंत. गळतं म्हणून चासीचं घट्ट ग्रीस ठासून भरायची पद्धत सर्रास आहे आणि ती बॉक्स मारते. पिना ग्रीस बाजूला सारतात, ते परत वाहून येत नाही, आणि खाच भरल्या बॉक्समध्ये कोरडी चालते. गळती असेल तर सील आणि बुश बदला. झिजलेल्या बुशमध्ये शाफ्ट हलत राहिला तर नवं सीलही फार टिकणार नाही.

गाडीवर चढवणं आणि चालवून बघणं

बॉक्स ज्या वाटेने निघाला त्याच वाटेने चढवा. चासीचे बोल्ट आधी हातानेच लावा, नळीचा डॅशबोर्डखालचा ब्रॅकेटही सैल ठेवा. नळी ओढाताण न होता जिथे स्वतःहून बसते, तिथे आधी चासीचे बोल्ट आवळा आणि मगच ब्रॅकेट. ब्रॅकेट आधी आवळून नळीला ताण दिला तर बाकावर हलका असलेला बॉक्स गाडीवर जड होतो, आणि माणूस उगाच ॲडजस्टिंग स्क्रूवर संशय घेतो.

चाकं सरळ, बॉक्स मध्यावर, मग ड्रॉप आर्म खुणेवर. बॉक्स नवा असेल तर जुन्या खुणेचा उपयोग नाही. दोन्ही मध्य जुळतील असाच आर्म चढवा. ड्रॅग लिंक जोडा, प्लग लावा, प्रत्येक स्प्लिट पिन नवी. स्टेअरिंग व्हील सगळ्यात शेवटी, दांड्या सरळ येतील अशा दातावर. मडगार्ड बसवण्याआधी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा की ब्रेकचा रबरी पाइप, वायर, टायर कशालाही काही घासत नाही. बॉक्स स्वतःच्या टोकाला पोहोचण्याआधी चाकं ॲक्सलच्या स्टॉपला टेकली पाहिजेत.

टाय रॉडना हात लागला असेल तर टो-इन बघून घ्या. या जीपला ते 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण 1.2 ते 2.4 मिलिमीटर हवं. म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांतलं पुढून अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी.

पहिली चक्कर रिकाम्या सपाट रस्त्यावर, कमी वेगात. वळण घेऊन हात सैल सोडा. स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत असेल तर ठीक. येत नसेल तर बॉक्स मध्यावर जास्त आवळला आहे, किंवा किंगपिन जड आहेत. ड्रॅग लिंक सोडून बॉक्स हाताने फिरवला की दोघांतला दोषी कोण ते कळतं. ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरत असतील तर बॉक्समध्ये उत्तर शोधू नका. किंगपिन, बेल क्रँक, टायरचा बॅलन्स तपासा.

दुसऱ्या जातीचा बॉक्स असेल तर

पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत वर्म आणि नट यांच्यामध्ये गोळ्या फिरणारा बॉक्स येतो. तिथेही ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तिथेही मध्यावरच आवळ जागा असते आणि ॲडजस्टमेंट मध्यावरच करायचं. मात्र त्यातला नट वर्मवर टोकापर्यंत आपटू द्यायचा नाही, गोळ्यांच्या नळ्या वाकतात. आतला वर्म-नट जोडीने जुळवलेला असतो, म्हणून तो बिघडला तर जोडी किंवा पूर्ण बॉक्स बदलणंच बरं. पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स नवख्याने घरी उघडू नये. त्यातले व्हॉल्व्ह आणि सील जुळवायला खास साधनं आणि तपासणीचा बाक लागतो.

तीनेकशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा त्याच सपाट जागी उभी करा. ड्रॉप आर्मचा नट, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, बाजूचा लॉकनट यांना पान्हा लावून बघा, तेलाची पातळी पाहा, शाफ्टखाली ओल आहे का ते बोटाने तपासा. नव्या पिना खाचेत रुळल्यामुळे मध्यावर थोडा प्ले आला असेल, तर ड्रॅग लिंक सोडून स्क्रू मध्यावर किंचित आत घ्या, मध्यातून जातानाची ओढ पुन्हा हाताने तपासा आणि लॉकनट आवळा.